डोळ्यांचा भरवसा

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री, नऊ वाजण्यास बारा मिनिटे असताना, अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे पोटोमॅक नदीच्या पात्रावर एक प्रवासी विमान आणि एक लष्करी हेलिकॉप्टर यांची हवेत टक्कर झाली. विमान कॅन्सस राज्यातील विचिटा शहराहून आले होते. त्यात ६० उतारू व ४ कर्मचारी होते. हेलिकॉप्टरात भूसेनेचे ३ सैनिक होते. दोन्ही याने नदीत कोसळली आणि ६७ जणांपैकी एकही वाचला नाही. उतारूंमध्ये बर्फावरील स्केटिंगच्या खेळात नुकतीच नावारूपाला येऊ लागलेली मुले होती, त्यांचे शिक्षक होते, आईवडील होते. विचिटा येथील राष्ट्रीय स्पर्धा व त्यानंतरचे शिक्षण-शिबिर आटोपून ही मंडळी परतत होती. धावपट्टी अवघी अर्ध्या मैलावर राहिली होती.

अपघात म्हटला की वादळ, धुके, यंत्राचा बिघाड अशी कारणे मनात येतात. येथे तसे काही नव्हते. रात्र निरभ्र होती. दोन्ही यानांशी विमानतळावरील नियंत्रण मनोऱ्याचा बिनतारी संपर्क होता. एवढेच नव्हे, तर हेलिकॉप्टरातील वैमानिकांनी ‘ते विमान आम्हांला दिसत आहे’ असे मनोऱ्याला एकदा नव्हे, दोनदा कळविले होते. जे दिसत होते त्याच्यावरच जाऊन आदळावे, हे घडले कसे? या प्रश्नाचे उत्तर त्या एका रात्रीत सापडत नाही. ते पाऊणशे वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे, आणि त्या इतिहासाचे पहिले पान त्याच नदीच्या काठी लिहिले गेले आहे.

पोटोमॅकच्या पश्चिम तीरावरील हा विमानतळ १९४१ मध्ये सुरू झाला. राजधानीच्या अगदी उशाशी असल्यामुळे तो प्रवाशांना सोयीचा. पण त्याच कारणाने त्याच्या भोवतीचे आकाश चिंचोळे. नदीच्या दोन्ही तीरांवर सरकारी कचेऱ्या, लष्कराची ठाणी, मनाई केलेले प्रदेश. त्यामुळे विमानांना आणि हेलिकॉप्टरांना नदीच्याच वाटेने ये-जा करावी लागते. १ नोव्हेंबर १९४९ रोजी, दुपारी बारा वाजण्याच्या सुमारास, ईस्टर्न एअर लाइन्सचे एक चार इंजिनांचे प्रवासी विमान येथे उतरण्यासाठी खाली येत होते. त्याच वेळी महायुद्धानंतर शिल्लक उरलेले एक पी-३८ जातीचे लढाऊ विमान, जे बोलिव्हिया सरकारने विकत घेतले होते, चाचणीचे उड्डाण करून त्याच विमानतळाकडे वळले. हवा स्वच्छ होती, दिवस उजेडाचा होता. जमिनीपासून सुमारे ३०० फुटांवर, धावपट्टीच्या टोकापासून अर्ध्या मैलावर लढाऊ विमान प्रवासी विमानावर वरून आदळले. प्रवासी विमानातील सर्व ५५ माणसे मृत्यू पावली. त्यांत अमेरिकन काँग्रेसचे सभासद जॉर्ज बेट्स होते आणि ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकातील व्यंगचित्रांमुळे घरोघर माहीत असलेल्या चित्रकार हेलन हॉकिन्सन होत्या. लढाऊ विमानाचा वैमानिक मात्र जबर जखमी अवस्थेत नदीतून जिवंत काढण्यात आला.

त्या अपघाताची चौकशी झाली तेव्हा मनोऱ्यातून काय सांगितले गेले आणि वैमानिकाने काय ऐकले, यांविषयी दोन परस्परविरोधी कथने पुढे आली. मनोऱ्याचे म्हणणे असे की, लढाऊ विमानाला वारंवार सूचना दिली. वैमानिकाचे म्हणणे असे की, आपणांला उतरण्याची परवानगी मिळाली होती. चौकशी मंडळाने वैमानिकाला दोषी धरले: रीतसर परवानगीवाचून तो सरळ खाली आला व आवश्यक तेवढी नजर त्याने ठेवली नाही. निर्णय नियमाला धरून होता. कारण त्या काळचा नियमच असा होता की, हवा स्वच्छ असेल तेव्हा प्रत्येक वैमानिकाने डोळे उघडे ठेवावे, दुसरे विमान पाहावे आणि त्याला टाळावे. रस्त्यावरील गाडीवानाला जो नियम लागू, तोच आकाशातील वैमानिकाला.

हा नियम वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो. परंतु त्यात एक खोच आहे, आणि ती दर्यावर्दी लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. समुद्रावर दुसरे गलबत आपल्या गलबतावरून पाहिले असता पुढे सरकताना किंवा मागे पडताना दिसत असेल, तर भीती नाही. पण ते जर एकाच दिशेला, जागच्या जागी खिळल्यासारखे दिसत असेल आणि त्याचा आकार मात्र वाढत असेल, तर टक्कर अटळ आहे. आकाशातही तेच. जे विमान आपल्यावर आदळणार, ते काचेतून हलताना दिसतच नाही. माणसाचा डोळा हलणाऱ्या वस्तूकडे चटकन वळतो. स्थिर ठिपक्याकडे त्याचे दुर्लक्ष होते. म्हणजे ज्या विमानापासून धोका नाही ते सहज नजरेत भरते आणि ज्याच्यापासून धोका आहे ते नेमके निसटते. त्यात रात्र असली आणि खाली शहराचे सहस्रावधी दिवे लुकलुकत असले, तर समोरून येणाऱ्या विमानाचा न हलणारा दिवा त्या दिव्यांतलाच एक होऊन जातो. समुद्रावर विचार करण्यास अवधी तरी असतो. विमानांच्या वेगामुळे तो अवधी काही सेकंदांवर येतो.

ही खोच १९५६ मध्ये साऱ्या जगाच्या निदर्शनास आली. त्या वर्षी ३० जून रोजी लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने दोन मोठी प्रवासी विमाने पूर्वेकडे निघाली. ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीवर, सुमारे २१,००० फूट उंचीवर, ती एकमेकांवर आदळली आणि १२८ माणसे मरण पावली. विमानाच्या अपघातात शंभरांहून अधिक उतारू व कर्मचारी दगावण्याची ही अमेरिकेतील पहिलीच वेळ. त्या दरीवरील आकाशात त्या काळी रडारची देखरेख नव्हती. तेथे वैमानिकाने आपल्या डोळ्यांवर विसंबून राहावे, अशीच रीत होती. चौकशी मंडळाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येण्यासारखा होता: दोघांनी एकमेकांना वेळेत पाहिले नाही.

लोकमत खवळले, पण कायदा होण्यास आणखी दोन वर्षे आणि आणखी दोन अपघात लागले; आणि हे दोन्ही अपघात लष्करी व मुलकी विमानांमधील होते. २१ एप्रिल १९५८ रोजी लास व्हेगासजवळ एका प्रवासी विमानाला हवाई दलाचे जेट विमान धडकले व ४९ माणसे दगावली. एक महिना होतो न होतो तोच २० मे रोजी मेरिलँड राज्यात पुन्हा तसेच घडले आणि १२ जणांचा बळी गेला. अडचण कोठे आहे हे आता उघड झाले. एकाच आकाशात दोन घरे नांदत होती आणि दोघांचे कारभारी वेगळे होते. लष्कर आपली उड्डाणे आपल्या सोयीने आखी. मुलकी नियंत्रकांना त्यांची खबर नसे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी नव्या विमानवाहतूक कायद्यावर सही केली, आणि लष्करी असो वा मुलकी, आकाशाच्या वापराची व्यवस्था पाहण्याचा अधिकार एकाच केंद्रीय संस्थेकडे आला. कारभारी एक झाला. पण इतिहासाचा योगायोग असा की, २०२५ मधील ते दुर्दैवी विमान विचिटाच्या ज्या विमानतळावरून सुटले, त्याला याच आयसेनहॉवर यांचे नाव दिलेले आहे.

कायदा झाला, रडारचे जाळे पसरले, विमानांत ट्रान्सपाँडर आले. ट्रान्सपाँडर म्हणजे रडारच्या लहरींना उत्तर देऊन आपली ओळख व उंची कळविणारे यंत्र. आता नियंत्रकाला पडद्यावर विमाने दिसू लागली आणि डोळ्यांवरील भार हलका झाला. परंतु पडद्यावर दिसण्यासाठी विमानाने आधी उत्तर द्यावे लागते. ६ जून १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन गॅब्रिएल पर्वतावर एका प्रवासी विमानाची आणि नौसैनिकांच्या एका फँटम लढाऊ विमानाची टक्कर झाली. फँटमचा ट्रान्सपाँडर बंद पडलेला होता आणि त्याचा वैमानिक जुन्याच नियमाने, म्हणजे स्वतःच्या नजरेच्या आधारे, चालला होता. ५० जण मेले. त्यांत प्रवासी विमानातील ४९ होते. फँटममधील एकटा अधिकारी हवाई छत्रीने उतरून बचावला. चौकशी मंडळाने ‘एकमेकांस पाहून टाळले नाही’ हे कारण पुन्हा नोंदविले; पण तेवढ्यावर न थांबता, त्या वेगात एकमेकांस पाहण्याची संधी दोघांनाही जेमतेमच होती, हेही मान्य केले. ज्या नियमाचे पालन जवळजवळ अशक्य होते, त्याच्या भंगाबद्दल मृतांना दोष देण्यात मंडळालाही संकोच वाटू लागला होता.

यानंतरचे प्रकरण २०२५ च्या अपघाताशी इतके मिळतेजुळते आहे की, ते बारकाईने पाहिले पाहिजे. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सकाळी सॅन डिएगो शहरावर एक बोइंग ७२७ विमान उतरण्यासाठी येत होते. पुढे एक लहान सेस्ना विमान होते. नियंत्रकाने बोइंगच्या वैमानिकांना त्याची सूचना दिली. वैमानिकांनी ते दिसत असल्याचे कळविले. त्या क्षणी जबाबदारीचे हस्तांतर झाले. ‘दिसते’ हा शब्द उच्चारला गेला की दोन यानांमध्ये अंतर राखण्याचे काम नियंत्रकाकडून वैमानिकाकडे येते, अशी ती पद्धत. तिला नजरेने अंतर राखण्याची पद्धत म्हणता येईल. थोड्या वेळाने सेस्ना बोइंगच्या नजरेआड झाले. ते मागे गेले असावे, अशी वैमानिकांची समजूत झाली. वास्तविक ते त्यांच्या खालीच होते. जमिनीवरील लोकांसह १४४ माणसे मरण पावली.

चौकशी मंडळाच्या बहुमताने दोष वैमानिकांच्या पदरी घातला: एकदा ‘दिसते’ म्हटल्यावर नजर ढळू द्यावयास नको होती, आणि ढळली तर तसे कळवावयास हवे होते. पण मंडळाचे एक सभासद फ्रान्सिस मॅकॲडम्स यांनी वेगळे मत नोंदविले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, रडारच्या साहाय्याने दोन विमाने एकमेकांपासून दूर ठेवण्याची सोय हाताशी असताना, गजबजलेल्या विमानतळाच्या परिसरात ते काम वैमानिकांच्या डोळ्यांवर सोपविणे हेच अपघाताचे एक कारण मानले पाहिजे. चूक माणसाची खरी. पण माणूस जेथे चुकणारच तेथे त्याला उभे करणे ही चूक कोणाची, असा तो प्रश्न होता. या वेगळ्या मताची आठवण सेहेचाळीस वर्षांनंतर पुन्हा करावी लागली.

मधल्या काळात विज्ञानाने एक मोठी देणगी दिली. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे पुन्हा एका जेट विमानाची व लहान विमानाची टक्कर होऊन ८२ जण मेले. त्यानंतर अमेरिकेत प्रवासी विमानांत टक्कर टाळणारे स्वयंचलित यंत्र सक्तीचे झाले. हे यंत्र जवळच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरशी परस्पर बोलते. धोका दिसला तर प्रथम नुसती सूचना देते, आणि धोका निकट आला तर एका वैमानिकाला वर चढण्याचा व दुसऱ्याला खाली उतरण्याचा स्पष्ट आदेश देते.

भारताने या यंत्राची किंमत फार मोठ्या मोलाने ओळखली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी गावावर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन विमान यांची टक्कर झाली. ३४९ माणसे मरण पावली. हवेतील टकरीत आजवर याहून अधिक प्राणहानी कोठेही झालेली नाही. दिल्लीच्या भोवतालचे बहुतेक आकाश हवाई दलासाठी राखीव असल्यामुळे येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवासी विमानांना त्या वेळी एकच वाट होती. दोघांत अंतर होते ते फक्त उंचीचे. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. ते त्याखाली उतरले, आणि १४,००० फुटांवरून सौदी विमान समोरून येत होते. दिल्लीच्या रडारवर त्या काळी विमानाची उंची दिसत नसे. दोन्ही विमानांत टक्कर टाळणारे यंत्र नव्हते. चौकशी आयोगाचे प्रमुख न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी होते. ते पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातील गुना गावचे आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. या अपघातानंतर भारतात ते यंत्र सक्तीचे करण्यात आले, येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि उंची दाखविणारे रडार बसले.

यंत्र आले तरी माणसांमधील व्यवस्था यंत्राशी जुळवून घ्यावी लागते, हा धडा १ जुलै २००२ च्या रात्री मिळाला. जर्मनीच्या दक्षिण सीमेवर युबरलिंगेन येथे एका रशियन प्रवासी विमानाला यंत्र ‘वर चढा’ म्हणत होते आणि नियंत्रक ‘खाली उतरा’ म्हणत होता. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. दुसऱ्या विमानाने यंत्राचे ऐकले व तेही खाली उतरले. ७१ जण मेले. त्यांत बहुसंख्य मुले होती. त्या रात्री नियंत्रण कक्षात एकच नियंत्रक दोन जागांचे काम पाहत होता. तेव्हापासून जगभर नियम स्पष्ट झाला की, यंत्राच्या आदेशापुढे इतर सर्व सूचना गौण.

आता पुन्हा पोटोमॅककडे वळू. या सर्व अपघातांतून मिळालेले धडे २०२५ मध्ये उपलब्ध होते. आकाशाचा कारभारी एक होता. रडार होते. प्रवासी विमानात टक्कर टाळणारे यंत्र होते. तरीही एकेका ठिकाणी थोडी थोडी सूट दिलेली होती, आणि त्या रात्री सगळ्या सवलती एका बिंदूवर येऊन मिळाल्या.

नदीच्या पूर्व तीरालगत हेलिकॉप्टरांसाठी आखलेली एक वाट होती. तिच्यावर २०० फुटांहून वर जाऊ नये, असा नियम होता. विमानतळाच्या आखूड धावपट्टीवर उतरणारी विमाने हीच वाट ओलांडून येत. चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघातानंतर हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, दोन्ही याने नियमाप्रमाणे तंतोतंत चालली असती, तरी काही ठिकाणी त्यांच्यामध्ये फार तर ७५ फूट अंतर उरले असते. एखाद्या सातमजली इमारतीच्या उंचीएवढे हे अंतर! त्या रात्री विमानाला मुख्य धावपट्टीऐवजी या आखूड धावपट्टीवर उतराल का, असे मनोऱ्याने विचारले व वैमानिकांनी ते मान्य केले. यात वावगे काही नव्हते. गर्दीच्या वेळी असे नेहमी चाले.

हेलिकॉप्टराची रात्रीच्या उड्डाणाची परीक्षा चालली होती. वैमानिकांनी अंधारात पाहण्याचे चष्मे लावले होते. या चष्म्यांनी अंधारातील वस्तू दिसतात, पण नजरेचा आवाका अरुंद होतो. हेलिकॉप्टरातील दोघांच्या उंचीमापकांत मेळ नसल्याचे ध्वनिमुद्रणावरून दिसते. एकदा एकाने ३०० फूट म्हटले तेव्हा दुसऱ्याने ४०० फूट सांगितले. पुढे याच जातीच्या हेलिकॉप्टरांची चाचणी घेतली असता, हवेच्या दाबावर चालणारे त्यांचे उंचीमापक खऱ्या उंचीपेक्षा ८० ते १३० फूट कमी दाखवितात असे आढळले. टक्कर झाली त्या वेळी हेलिकॉप्टर २७८ फुटांवर होते. जेथे सारा भरवसा ७५ फुटांवर, तेथे यंत्राची चूकच शंभर फुटांची!

टकरीच्या सुमारे दोन मिनिटे आधी नियंत्रकाने हेलिकॉप्टरला विमानाची सूचना दिली. विमान त्या वेळी सहा मैलांहून अधिक दूर होते. ते वळसा घेऊन आखूड धावपट्टीकडे जाणार आहे, या वाक्यातील ‘वळसा’ हा शब्द हेलिकॉप्टरात ऐकू गेला नाही. तरी उत्तर आले: दिसत आहे, नजरेने अंतर राखू. परवानगी मिळाली. अंधारात, ओळीने खाली येणाऱ्या अनेक विमानांच्या दिव्यांतून त्यांनी नेमका कोणता दिवा पाहिला, हे सांगण्यास आता कोणी उरले नाही. शेवटच्या काही सेकंदांत नियंत्रकाने पुन्हा विचारले आणि विमानाच्या मागून जाण्यास सांगितले. त्याच क्षणी हेलिकॉप्टरातून बोलण्याचे बटण दाबले गेलेले होते, त्यामुळे ‘मागून जा’ हे शब्द झाकले गेले. पुन्हा तेच उत्तर आले. हेलिकॉप्टराशी संभाषण वेगळ्या लहरीवर होत असल्याने दोन्ही यानांतील माणसांना एकमेकांचा आवाज ऐकू येत नव्हता. आणि युबरलिंगेनप्रमाणेच, हेलिकॉप्टरांचे व विमानांचे काम त्या वेळी एकाच नियंत्रकाकडे होते.

मग ते टक्कर टाळणारे यंत्र काय करीत होते? त्याने आपले काम नियमाप्रमाणे केले. टकरीपूर्वी सुमारे वीस सेकंद त्याने ‘जवळ विमान आहे’ अशी सूचना दिली. पण जमिनीपासून सुमारे हजार फुटांखाली हे यंत्र वर-खाली जाण्याचे आदेश देत नाही. जमिनीलगत असा आदेश स्वतःच घातक ठरू शकतो, म्हणून तशी रचना मुद्दाम केलेली आहे. म्हणजे जेथे विमाने सर्वांत दाट, तेथे शेवटचा पहारेकरी पुन्हा माणसाचा डोळाच. अगदी अखेरच्या सेकंदाला विमानाने नाक वर उचलल्याची नोंद आहे. वैमानिकांनी हेलिकॉप्टर पाहिले होते. १९४९ मध्ये जी उंची होती, जवळजवळ त्याच उंचीवर, त्याच नदीवर दोन्ही याने एकत्र आली.

या सर्वांहून गंभीर अशी एक गोष्ट चौकशीत पुढे आली. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या सव्वातीन वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, या एकाच विमानतळाजवळ प्रवासी विमान व हेलिकॉप्टर यांच्यामध्ये आडवे अंतर एका सागरी मैलाहून कमी आणि उभे अंतर ४०० फुटांहून कमी राहिल्याचे १५,२१४ प्रसंग आढळले. त्यांपैकी ८५ प्रसंगी आडवे अंतर १,५०० फुटांहून आणि उभे अंतर २०० फुटांहून कमी होते. या नोंदी गुप्त नव्हत्या. त्या विमानवाहतूक प्रशासनाच्या दप्तरी होत्या. ८५ वेळा नशिबाने साथ दिली आणि प्रत्येक वेळी ‘नियम पुरेसा आहे’ असा समज दृढ झाला. अपघात झाला नाही, याचा अर्थ व्यवस्था सुरक्षित आहे असा घेतला गेला. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच होता की, अजून अपघात झालेला नाही.

मार्च २०२५ मध्ये सुरक्षा मंडळाने तातडीची शिफारस केली: ही आखूड धावपट्टी वापरात असेल तेव्हा त्या वाटेवर हेलिकॉप्टर जाऊ देऊ नये. ती तत्काळ अमलात आली. करावयाचे होते ते एवढेच. त्याला नवे यंत्र लागले नाही, नवा शोध लागला नाही. एक वाट ठरावीक वेळी बंद करावयाची होती.

हा इतिहास अमेरिकेचा असला तरी त्यातील प्रश्न केवळ तेथला नाही. गोव्यातील दाबोळी येथे १९६१ च्या मुक्तीनंतर नौदलाचा तळ आहे आणि त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमाने ये-जा करतात. पुण्याचे लोहगाव, बेळगावचे सांबरे, ग्वाल्हेरचे महाराजपूर, वडोदरा या ठिकाणीही हवाई दल आणि प्रवासी विमाने यांचे शेजार जुने आहे. शेजार असणे हा दोष नव्हे. देशाच्या संरक्षणाची आणि प्रवाशांची गरज एकाच भूमीवर भागवावी लागते. दिल्लीच्या आकाशाचा धडा भारताने १९९६ नंतर घेतला, हेही खरे. परंतु धडा एकदा घेऊन भागत नाही. वाहतूक वाढते, वाटा त्याच राहतात, आणि काल पुरेसे असलेले अंतर आज अपुरे होते. ते कोणी तरी ठरावीक मुदतीने पुन्हा मोजावे लागते.

विमानप्रवास आज इतर बहुतेक वाहनांहून निर्धोक आहे, यात शंका नाही. अमेरिकेत प्रवासी विमानाचा असा मोठा प्राणघातक अपघात २००९ नंतर झालेला नव्हता. ही सुरक्षितता आपोआप आलेली नाही. ग्रँड कॅन्यनच्या १२८ जणांनी, सॅन डिएगोच्या १४४ जणांनी, चरखी दादरीच्या ३४९ जणांनी तिची किंमत मोजली आहे. प्रत्येक अपघातानंतर डोळ्यांकडून एक एक काम काढून ते अधिक भरवशाच्या साधनाकडे सोपविले गेले. पोटोमॅकवरील त्या पाऊण मैलाच्या टापूत मात्र ते काम डोळ्यांकडेच राहिले होते, कारण तसे करणे सोयीचे होते आणि रोज निभावून जात होते. हेलिकॉप्टरातील तिघे निष्काळजी होते असे कोणी म्हणू नये. त्यांना जे विचारले गेले त्याचे उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे दिले. काळोख्या रात्री, शहराच्या दिव्यांवर, अरुंद चष्म्यातून, न हलणारा एक दिवा ओळखा, असे काम त्यांच्यावर सोपविणारी व्यवस्था त्यांनी आखलेली नव्हती. १९७९ मध्ये मॅकॲडम्स यांनी नोंदविलेले मत हेच होते. ते तेव्हा मंडळाचे बहुमत झाले असते आणि त्याप्रमाणे गजबजलेल्या विमानतळांच्या वाटा तपासल्या गेल्या असत्या, तर विचिटाहून निघालेली मुले त्या रात्री नऊ वाजता आपल्या माणसांना भेटली असती.